आईंनी पाहिलेलं म्युझियम

माझ्या सासूबाई एका अनोळखी बाईच्या बेडरूममध्ये हिंडत होत्या, तेव्हा मी गावाच्या दुसऱ्या टोकाला फज नावाची मिठाई विकत घेत होते.

लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळाची सहल होती. दगडी घरं, गवती छपरं, ओढ्यात बदकं, असं जुनं इंग्लिश गाव. सेक्रेटरी मी! मागच्या सहलीत आपल्या लोकांनी कोचच्या ड्रायव्हरला ताटकळत ठेवलं होतं, त्यामुळे यंदा मंडळाची लाज राखायचीच, असा मी चंग बांधलेला. सकाळीच माईक हातात घेऊन सगळ्यांना दम भरला, "चार म्हणजे चार! बस कोणासाठीही थांबणार नाही. मंदार, मी नसले तरी निघायचं!" (मंदार माझा नवरा. माणसं मोजायचं काम त्याच्याकडे.)

आणि साडेतीनला आई गायब! फोन करावा, तर तो माझ्याच पर्समध्ये वाजला. मी सगळं गाव पालथं घातलं. शेवटी एका घराच्या पायपुसण्यापाशी ओळखीचे बूट दिसले. शेजारी शेजारी ठेवलेले, आत मोजे कोंबलेले. आईच त्या!

दार उघडंच होतं. आत आई सोफ्यावर ऐसपैस, हातात केकची बशी. समोर एक गोऱ्या आजी.

"ये गं! काय सुंदर म्युझियम आहे! कपाटं, रेडिओ, सगळं जुनं जपलंय. आणि या बाई बघ, जुन्या काळातल्या आजीचं काम किती हुबेहूब करतायत!"

"अहो आई, हे त्यांचं घर आहे!"

"काहीतरीच! मग मी वर बेडरूम बघून आले, तेव्हा बोलल्या कशा नाहीत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! मी सॉरी सॉरीचा जप सुरू केला. आजी मात्र भलत्याच खुशीत. कितीतरी दिवसांनी घरी कोणी आलं म्हणे. पण चार वाजत आले होते. मी आईंना हाताला धरून उठवलं आणि म्हणाले, "वुई आर गोइंग."

आईंनी डोळे वटारले. "गोइंग काय गोइंग! कुणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणतात का? येतो म्हण!"

सासूपुढे कुठलं आलंय इंग्लिश! इतकी वर्षं या देशात काढलेली मी, घाईघाईत म्हणून बसले, "ओके, वुई विल कम!"

"ओह, लव्हली!" म्हणत आजी किटली लावायला आत वळल्या.

आईंचे मोजे, मग बूट, मग नाड्या. धापा टाकत कार पार्कला पोचलो, तर कोचच्या जागी दोन बदकं!

जाणार कुठे? परत आजींचं घर. टेबलावर तीन कप मांडून तयार! "वेल, यू सेड यू वुड कम," आजी म्हणाल्या. आई विजयी मुद्रेने बसल्या. मी मंदारला फोन लावला.

"अरे, निघालात कसे?"

"चार वाजले. तूच म्हणालीस ना, मी नसले तरी निघायचं?"

"आणि आई?"

"तुझ्याबरोबर आहे ना? मग झालं तर! ड्रायव्हर जाम खूश आहे. म्हणतो, इतकी वक्तशीर पार्टी पाहिली नाही! घरी पोचलो की गाडी घेऊन येतो तुम्हाला न्यायला."

मी केकचा दुसरा तुकडा उचलला. (चविष्ट होता, खोटं का बोला!) लग्न झाल्यापासून मी या माणसाला काय काय सांगितलं असेल! त्यातलं शब्दशः ऐकलेलं हे पहिलंच.