होळीपर्यंतची मुदत

त्या दिवसांत माझं डोकं कायम तापलेलं असायचं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच गोड गोड लिहितेय.

गोष्ट साठच्या दशकातली. तारापूरला समुद्राकाठी विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. बोईसर स्टेशनात उतरलेलं लोखंड-सिमेंट आमच्या बाजाररस्त्यानेच लॉऱ्यांतून तिकडे जायचं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे हे बांधकामावर स्टोअरमध्ये लागले आणि मी बाजारात एक खोली भाड्याने घेऊन खानावळ काढली. पुढे चार बाकं, मागे पडदा लावून आमचा संसार. दुपारी ड्रायव्हर, एसटीचे उतारू, कामगार यांची अशी गर्दी की उभ्याने जेवायचे लोक. बावीस वर्षांची होते मी. स्वतःच्या हिमतीवर काहीतरी उभं केलं होतं आणि त्याचा मला गर्व होता. होताच!

दिवाळी झाली आणि बाजाराच्या टोकाला रस्त्याखालची पाण्याची मोरी खचली. ठेकेदाराचा ओव्हरसियर आला. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना डांबराची पिंपं मांडून त्याने वर बांबू टाकले आणि पाटी लावली : वाहनांस रस्ता बंद.

"पंधराच दिवस, वहिनी," मला म्हणाला.

लॉऱ्या आणि एसटी बाहेरच्या बाहेर, शेतातल्या कच्च्या वाटेने जायला लागल्या. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन झाले. मोरीवर दोन माणसं यायची, एक घमेलं उचलायचा, दुसरा त्याच्याकडे बघायचा. आणि गंमत अशी, की माझ्याकडे जेवायला येणारा आता एकच माणूस उरला, तो ओव्हरसियर! ज्याने माझं गिऱ्हाईक तोडलं, त्यालाच मी रोज गरम भाकरी वाढायची. वाढताना बोलायचीही भरपूर. तो बिचारा खाली मान घालून जेवायचा आणि वर आणखी आमटी मागायचा.

दुकानदारांनी विरोध केला नाही असं नाही. न्हाव्याच्या दुकानात सभा झाली. सगळ्यांत जास्त आवाज माझा. पालघरच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला, तर साहेब रजेवर. मग एक दिवस कडकडीत बंद पाळला. संध्याकाळी लक्षात आलं, की आपण बंद पाळलाय हे कुणाला कळलंच नाही, कारण कळायला गिऱ्हाईक तर यायला हवं! किराणावाला पायरीवर बसून पोट धरून हसला. मग आम्ही सगळेच हसलो. काय करणार?

समुद्राकाठच्या दांडी गावची एक कोळीण मावशी माझ्या दारासमोर टोपली घेऊन बसायची. एसटी आता बाजारात यायची नाही, बाहेरच्या वाटेवरच उतरवायची, तर ही बाई डोक्यावर म्हावरं घेऊन शेतातून चालत यायची. "गाडीला बंदी हाय, मला नाय," म्हणायची. तिच्याकडे बघून मला धीर यायचा.

पण घरमालक शेठना धीर नव्हता. एक दिवस येऊन ते रिकाम्या बाकांकडे बघत राहिले.

"बाई, असं ओस मला बघवत नाही. होळीपर्यंत थांबतो. तोवर खानावळ चालली तर ठीक, नाहीतर भाताच्या व्यापाऱ्याला ही खोली गोदामाला हवीये."

म्हणजे मी गावी सासरी, हे इथे कामगारांच्या पत्र्याच्या चाळीत. आमचे हे नुसते बाक पुसत बसले, ते आधीच स्वच्छ असलेलं बाक. मला इतकं वाईट वाटलं, सांगते.

होळी आली. बाजाराची होळी दरवर्षी स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत लागायची. तिथे ठेकेदाराने खडीचा डोंगर करून ठेवला होता. सकाळी सगळे त्या खडीकडे बघत उभे. माझं टाळकं सटकलं.

"रस्त्याच्या मधोमध लावा!" मी ओरडले. "गाड्या कुठे येतायत? बघू दे त्या ठेकेदाराला!"

झालं! सगळ्यांना एकदम चेव चढला. न्हाव्याने खड्डा खणला, किराणावाल्याने सुपारीचं उंच झाड आणवलं, मावशीने त्याला पताका आणि फुलांच्या माळा बांधल्या. हळदकुंकू वाहून आम्ही माझ्या दारासमोर, भर रस्त्यात होळी उभी केली. मावशीने तर टोपली बाजूला ठेवून एक फेर धरला आणि मलाही ओढलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी मोकळी हसले.

दुपारी ओव्हरसियर सायकल मारत आला. घामाघूम, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वहिनी, मोरी झाली! पिंपं हलवली, गाड्या सोडल्यापण!"

आणि त्याने समोर बघितलं. मागून लॉऱ्यांचे भोंगे ऐकू यायला लागले. तारापूरकडून एसटी, स्टेशनाकडून एकामागे एक लॉऱ्या, आणि मध्ये आमची होळी.

"अहो, काढा ती!"

"उभी केलेली होळी काढतात काय?" मावशी त्याच्यावर धावून गेली. "लागल्याबिगर नाय हलायची. सकाळी राखेवर पाणी पडेल, मगच गाडी जाईल!"

होळीला हात लावायची कुणाचीच हिंमत नव्हती. रस्ता उघडावा म्हणून चार महिने घसा कोरडा केला, आणि उघडला त्याच दिवशी मीच तो बंद करून ठेवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लॉऱ्यांच्या मागे बैलगाड्या लागल्या, मागे वळायलाही जागा उरली नाही. ड्रायव्हर खाली उतरले, होळीला नमस्कार केला, शिव्याही घातल्या, आणि मग त्यातला एक जण माझ्या दारात आला.

"भाभीजी, कुछ खाने को है?"

है म्हणजे काय! पुरण शिजवलेलं होतंच. ह्यांनी दुसरी चूल पेटवली, मावशीने टोपलीतले सगळे बोंबील काढून दिले, किराणावाल्याने तांदूळ पाठवले. बाकं भरली, ओटा भरला, एसटीचे उतारू चक्क कडेला सारलेल्या पिंपांवर पत्रावळ घेऊन बसले. ओव्हरसियर पाणी वाढत होता. मी लाटत होते, भाजत होते, ओरडत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मध्येच गाणं म्हणत होते.

दिवस कलला तेव्हा शेठ आले. मुदत संपली होती. ते दारात येऊन काहीतरी बोलायला लागले, तर मागून चौघं ओरडले, "भात!" मी भाताचं पातेलं आणि डाव त्यांच्या हातात दिला. "शेठ, बोलायचं नंतर. आधी त्या रांगेला वाढा."

शेठ एवढे गांगरले की खरंच वाढायला लागले. धोतर सावरत, वाकून वाकून. एका ड्रायव्हरने दोनदा भात घेतला आणि त्यांनाच मालक समजून विचारलं, "सेठजी, कल भी यहाँ खाना मिलेगा?"

मी पोळी तव्यावर टाकून तशीच थांबले. हेही थांबले.

"मिलेगा, मिलेगा," शेठ म्हणाले. "रोज मिलेगा. ये बाई का खानावळ है." मग माझ्याकडे वळून रागावले, "अहो बाई, बघता काय, भात संपला इकडे!"