गेंड्याच्या कानात णमोकार

आमच्या निपाणीत कुणाच्या घरी माणूस शेवटाला टेकलं की पहिला फोन डॉक्टरला जायचा आणि दुसरा त्रिशलाकाकूंना. त्रिशलाकाकू म्हणजे माझी चुलती. जन्मभर प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्गात त्यांचा आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरही ताठ बसायचं. पण तोच आवाज जाणाऱ्याच्या कानाशी मऊ व्हायचा. 'णमो अरिहंताणं' असा आम्हा जैनांचा णमोकार मंत्र म्हणत त्या उशाशी बसायच्या आणि तळमळणारा जीव शांत व्हायचा. मी काही फारसा देवळात जाणारा माणूस नाही, माझं खताचं दुकान आहे. तरी सांगतो, माझे वडील त्याच आवाजावर सावकाश गेले, मी त्यांचा हात धरून बसलो होतो.

काकू निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची मुलगी अनुराधा जोहान्सबर्गला नोकरी करत होती. आईच्या सुट्टीसाठी तिनं एक अजब बेत काढला. तिकडं म्हणे चोरटे शिकारी शिंगासाठी गेंड्याच्या माद्या मारतात, आणि मागं उरलेली पिल्लं एका केंद्रात वाढवतात. लोक सुट्टी घेऊन, वर पैसे भरून, तिथं राबायला जातात. दूध पाजायचं, शेण काढायचं. आम्ही काकूंची यथेच्छ टिंगल केली. पैसे देऊन शेण काढायला आफ्रिकेला कशाला, माझा गोठा काय वाईट आहे, असं मी विचारलं. माझ्या आईनं चिवड्याच्या डब्याबरोबर एक जुनं लुगडं दिलं, शेणात नेसायला. काकू हसत हसत गेल्या आणि तशाच हसत परत आल्या. मोबाईलमध्ये एकाच पिल्लाचे फोटो शंभर. पाठीवर जखम, कान केवढे तरी, आणि काकू बाटली धरून उभ्या. गल्लीत घरोघरी ते फोटो दाखवून झाले.

हे कोरोनाच्या आधीचं. पुढं बरीच वर्षं सगळं ठीक होतं. गेल्या वर्षी मात्र काकूंचं काहीतरी बिनसलं. गल्लीतले सुकुमारअण्णा जायला टेकले, बोलावणं आलं, तर डोकं दुखतंय म्हणाल्या. पुढच्या वेळी पाय दुखतोय. देवळात सगळे मोठ्यानं म्हणायचे तेव्हा यांचे फक्त ओठ हलायचे. लोक म्हणाले, परदेश बघून आली, शिष्ट झाली. मला खटकलं ते वेगळंच. गल्लीतली कुत्री पूर्वी काकूंच्या दारात पडून असायची. आता ती जवळ आली की काकू खडा उचलायच्या. आमच्या गाईचं वासरू एकदा हुंगत त्यांच्या पदराशी आलं, तर त्या भिंतीला चिकटल्या आणि त्याला हाकल म्हणून मला ओरडल्या.

यंदा माझी आई आजारी पडली. बेळगावच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. मी उशाशी बटण दाबलं की णमोकार म्हणत राहणारी प्लॅस्टिकची डबी लावून ठेवली. आईनं हातानं ती लोटून दिली.

"बंद कर ते. त्रिशलाला बोलीव," ती म्हणाली.

मी फोन केला. काकूंना ताप होता म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, तर उचललाच नाही. माझं डोकं फिरलं. उभ्या जन्माची जाऊ ती, दोघींनी एका चुलीवर दिवस काढलेले, आणि तिच्यासाठी चार ओळी म्हणायला हिला ताप येतो? भांडायच्या तयारीनंच मी त्यांच्या घरी गेलो. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं म्हणून काकू ताटावर बसल्या होत्या. भाकरी मोडलेली नव्हती. मी मनात होतं ते सगळं बोललो. मग ताट बाजूला सारून त्यांनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं.

त्या केंद्रात पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता: पिल्लांजवळ बोलायचं नाही. ती मोठी झाली की जंगलात सोडायची असतात. माणसाची भीती अंगात राहिली तरच ती वाचतात. काकूंना नियम पटला. जन्मभर दुसऱ्यांना नियम लावलेली बाई ती. पण ते जखमी पिल्लू एका दुपारी मान टाकून पडलं. डॉक्टरनं आशा सोडली. रखवालदार पाणी आणायला गेला, काकू एकट्या उरल्या. जीव चाललाय आणि त्याच्या कानात णमोकार नाही, हे त्यांना सोसवेना. त्या वाकल्या आणि त्या मोठ्या कानात हळू म्हणाल्या.

पिल्लानं कान वळवला. थोड्या वेळानं मान उचलली. मग दूध प्यालं.

त्यानंतर काकूंनी बाटली धरली आणि आवाज निघाला नाही, तर ते पीतच नसे. म्हणून रोज, कुणी नाही बघून, त्या म्हणत राहिल्या. निघाल्या तेव्हा आपण एक जीव वाचवला म्हणून ऊर भरून आला होता.

पिल्लू मोठं झालं, जंगलात सुटलं. गेल्या वर्षी अनुराधाचा फोन आला. शिकारी आले होते. बाकीचे गेंडे त्यांची चाहूल लागताच झाडीत पळाले, तसे ठसे उमटले होते. काकूंच्या पिल्लाचे ठसे मात्र उलटे, माणसं जिथं बसून बोलत होती तिकडं गेलेले. सावकाश, एकेक पाऊल टाकत. ठसे संपले तिथं ते मरून पडलं होतं, शिंग कापलेलं.

"पळालं न्हाय रं ते. आवाज ऐकून आलं," काकू म्हणाल्या. "मोठ्यानं म्हणाय लागलं की मला त्याचा कान दिसतोय."

माझं भांडण जिरलं. तरी मी हट्ट सोडला नाही. म्हणालो, काकू, आईला पळायचं नाही कुठं, तिला फक्त तुमचा आवाज पाहिजे. त्यांनी भाकरीवर ताट झाकलं. मग उठून हात धुतले आणि माझ्याबरोबर चालू लागल्या.

आईचे डोळे मिटलेले होते. काकू उशाशी बसल्या, वाकल्या आणि म्हणू लागल्या. पहिल्याच ओळीला आईनं मान वळवली, हळू, आवाजाच्या दिशेनं. काकूंचा आवाज तिथं अडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. असली भीती मी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. पण त्या थांबल्या नाहीत. आई जाईपर्यंत म्हणत राहिल्या.

सगळं आटोपल्यावर त्या परसात एकट्या बसल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, शांत गेली, काकू.

"व्हय. भरवसा ठिवून आली माझ्या आवाजाकडं," त्या म्हणाल्या. "फुडं कोण हुतं, मला काय म्हाईत?"

देवळाच्या लाऊडस्पीकरवर रोज पहाटे णमोकाराची ती ओळ लागते. माझी मान आपोआप तिकडं वळायला लागते, आणि मी ती उशीत दाबून धरतो.