ढावलोचे पैसे

माझं अक्षर किडामुंगीसारखं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. हे कुणाच्या हाती लागलं तर तेवढं सांभाळून घ्यावं.

आमच्या बंजारा तांड्यावर सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यातच रडते. त्याला ढावलो म्हणतात. तो आधी शिकावा लागतो. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण ढावलो येतो, म्हणून मुली माझ्याकडे शिकायला येत.

मागच्या वर्षी पुण्याहून तीन मुली वर्गणी काढून सिनेमा करायला आल्या. गोष्ट तांड्यावरच्या मुलीची. निघताना ती ढावलो मधेच सोडते, नवऱ्याघरी जात नाही, शिकायला जाते. नटी शहरातली. तिला दोन दिवस शिकवायचं म्हणून मला पाच हजार आधीच दिले. मी ते माझ्या मुलीच्या साखरपुड्याला लावले. ती अकरावीत होती. तिला पुढे शिकायचंय, हे मला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी शिकवून झाल्यावर नटीनं सगळ्यांसमोर तो प्रसंग करून दाखवला. छान रडली. मग गप्प झाली. "मी नाही जात," म्हणाली. सारा तांडा टाळ्या वाजवू लागला. मीही वाजवल्या.

शेजारी उभी माझी मुलगी म्हणाली, "याडी, तिले रडाले शिकवाचे पाच हजार. मले त फुकटातच शिकवून राह्यली ना?"

शेजारीण हसली, "नटीपेक्षा तुई पोरगीच भारी बोलते, बाई!"

मुलगी हसली नाही. "मी थांबली, त टाळी वाजवशीन का?"

दुसऱ्या दिवशी नटी समोर बसली, पण मला आवाजच फुटेना. पैसे परत करते, म्हणाले. "राहू द्या ना काकू," त्या म्हणाल्या. त्यानं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री नवऱ्याला म्हटलं, सोयरीक नको.

"सिनेमानं डोकं फिरलं काय तुयं?"

सोयरीक मी मोडलीच. तांडा खूप बोलला. त्याची लाज नाही वाटली. परक्या पोरीसाठी टाळ्या वाजवल्या, त्या हातांची वाटते. अजून वाटते.

कापूस वेचला, की त्या पाच हजारांतले थोडे थोडे पुण्याच्या मुलींना पाठवायचे. फोनवरून पाठवायचं काम मुलीचं. काल तिनं बारावीचं पुस्तक बाजूला ठेवलं, उरलेले पाचशे पाठवले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"फिटले, याडी. सारे."