नक्षीदार आकडे

काकूची शेळी हरवली त्या दिवशी मी सुट्टीवर घरी होते. मी जालन्याला कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कागद, फोन किंवा रिमोट यांच्यापैकी काहीही अडलं की ते माझ्याकडे येतं. हरवलेल्या शेळीचा मेसेज लिहिणं हेही शिकलेल्या माणसाचं काम आहे, असं सगळ्यांनी ठरवलं. मलाही ते पटलं.

काकू म्हणजे माझी चुलती. तिची ही शेळी गाभण होती आणि दिवस भरत आले होते. संध्याकाळी बाकीच्या शेळ्या परत आल्या, ही आली नाही. दुपारी रस्त्याने मेंढरांचा एक मोठा कळप गेला होता. त्यात ही मिसळली असावी, असा सगळ्यांचा अंदाज होता.

"मागच्या वेताला करडू आडवं आल्तं," काकू म्हणाली. "मी हात घालून सरळ केलं म्हणून दोघं वाचले. आता बी मी जवळ पाह्यजेल. तू जल्दी लिव्ह."

मी लिहिलं. शेळी हरवली आहे. रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका, डाव्या कानाला चीर. गाभण आहे. सापडल्यास कळवावे. खाली काकूचा नंबर.

वाचून पाहिलं तर ते मला फार उघडं वाटलं. अक्षरं नक्षीदार करून देणारी एक वेबसाइट मला माहीत होती. वर्गातल्या मुलींच्या वाढदिवसाला मी तीच वापरायचे आणि माझं कौतुकही व्हायचं. मी सगळा मजकूर तिथं टाकला. मराठी जशीच्या तशी परत आली. देवनागरीला तिथं नक्षी नाही, ती फक्त इंग्रजी अक्षरांना आणि आकड्यांना मिळते. आमच्या मजकुरात इंग्रजी अक्षर एकही नव्हतं. आकडे मात्र दहा होते.

ते दहाही आकडे मी नक्षीदार केले. माझ्या फोनवर ते ठसठशीत दिसत होते. काकूला वाचता येत नाही, तरी तिला दाखवले.

"लग्नाच्या पत्रिकेवानी दिसून राह्यलं," ती म्हणाली.

शेळीचा एक जुना फोटो जोडून मी तो मेसेज मला माहीत असलेल्या सगळ्या ग्रुपवर टाकला. पुष्कळ लोकांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. आमच्या पाहुण्यांनी तो मंठ्याच्या बाजूला, अंबडच्या बाजूला पुढे धाडला.

फोन कोणाचा आला नाही. काकूचा बटनांचा फोन एरवी कमरेच्या पिशवीत असतो. आता तो चुलीपाशी, पाटावर, तिला दिसेल असा असायचा. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "चालू हाय ना हा?" मी माझ्या फोनवरून लावून दाखवला. वाजला. ती म्हणाली, "बराबर हाय मंग," आणि पुन्हा त्याच्याकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा, म्हणजे माझे वडील, स्वतःचा फोन घेऊन आले. फोन जुना आहे आणि काच एका कोपऱ्यात फुटलेली आहे.

"ह्यात नंबर कुठं गं?"

"खाली आहे की."

"खाली तर नुसत्या खिडक्या हायेत."

मी पाहिलं. रिकामे चौकोन होते, एका ओळीत. मी ते मोजले. दहा भरले.

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. वेबसाइटवरचे ते आकडे म्हणजे आपले नेहमीचे आकडे नव्हेत. ती गणितासाठी केलेली वेगळी चिन्हं आहेत, फक्त आकड्यांसारखी दिसतात. ज्या फोनमध्ये ती नसतात तो फोन त्यांच्या जागी चौकोन ठेवतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं.

मी चौकातल्या चहाच्या हॉटेलात गेले आणि बसलेल्या लोकांना त्यांचे फोन मागितले.

"कॉलेजात आता फोन मोजायला शिकवून राह्यले का?" हॉटेलवाले मामा म्हणाले.

"न्हाई मामा. नंबर दिसतो का ते बघायचंय."

सात फोन होते. तीन फोनांवर चौकोन होते. चार फोनांवर आकडे सुंदर दिसत होते, पण त्यांच्यावर बोट ठेवलं तर काहीच होत नव्हतं, कारण फोनच्या लेखी तो नंबर नव्हता.

मी तिथंच बाकावर बसून नंबर साध्या आकड्यांत लिहिला. आधी आबांना पाठवून तो त्यांच्या फोनवर दिसतो का ते विचारलं. मग मामांना पाठवला आणि त्यांना त्यावर बोट ठेवायला सांगितलं. घरी काकूचा फोन वाजला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"घावली का?" ती म्हणाली.

मामांनी फोन माझ्याकडे दिला. "न्हाई काकू," मी म्हणाले, "मी तपासून राह्यले."

ती "बरं" म्हणाली.

साधा मेसेज सगळीकडे गेल्यावर तासाभरात फोन आला. दोन गावं पलीकडे एक म्हातारे शेतकरी शेतातच वस्ती करून राहतात. शेळी मेंढरांतून फुटून पहिल्याच दिवशी त्यांच्या गोठ्यात शिरली होती. आबा, काकू आणि मी शेजाऱ्यांची पिकअप घेऊन गेलो.

"मला मेसेज पहिल्याच दिवशी आल्ता," ते म्हणाले. "फोटो बराबर हिचाच. पण नंबराच्या जागी डबे! मला वाटलं, लोक उगंच फोन करून तरास देत असतील, म्हणून झाकून ठेवला. भाच्याला म्हणलं, नंबर धाड. त्यानं तोच मेसेज परत धाडला. दोन बार."

शेळी आत बसली होती. तिच्या पोटाशी एक करडू होतं, काळंच.

"काल सकाळी व्याली. दोन होते," ते म्हणाले. "पहिलं आडवं आल्तं. मी केलं बाई जमंल तसं, पण न्हाई जमलं. हे दुसरं आपसूक आलं."

काकू खाली बसली. तिने शेळीच्या पोटावरून हात फिरवला, कास बघितली, करडाच्या तोंडात बोट घालून बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही तीन दिवस पाला-पाणी केलं दादा. तुमचे लई उपकार हायेत." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

परत येताना आम्ही दोघी पिकअपच्या मागे बसलो. शेळी काकूच्या बाजूला, करडू माझ्या मांडीवर. गाडी रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं,

"त्या डब्यांत माझाच नंबर होता का?"

"हो."

"मंग दिसला का न्हाई?"

"त्यांच्या फोनला ते आकडे माहीत नव्हते, काकू."

ती विचार करत होती. "मंग माहीत असलेलेच का न्हाई लिव्हले?"

मी म्हणाले, "चांगलं दिसावं म्हणून."

ती रागावली नव्हती. तिने फक्त समजून घ्यायला विचारलं होतं, आणि तिला समजलं. रस्ता खराब होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मान धर त्याची, हिसका बसतोय." मी करडाची मान धरली.