छत्तीस टक्क्यांचा माणूस

अंकुश गायसमुद्रेनं पांढरा शर्ट इस्त्रीला काढला, तशी राजश्री मोरीतूनच ओरडली.

"आवं, काय करायलाव? आज तरी तो घालू नका. दाढी राहू द्या. जुनी बंडी घाला."

"मी काय भीक मागायला जायलो का?"

"मागच्या टायमाला नवरदेव होऊन गेलतात. काय दिलं त्यांनी? छत्तीस!"

छत्तीस टक्के. सरकारी दवाखान्यानं अंकुशच्या डाव्या पायाचं अपंगत्व तेवढं ठरवलं होतं. पेन्शन लागते ती चाळीसच्या पुढं. मधले चार टक्के कुठं सांडले, ते कुणी सांगत नव्हतं. मग बुद्धविहारात येणाऱ्या एका वकिलाच्या कारकुनानं फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला. त्या अर्जावर सही ठोकून घेण्यासाठी अंकुशनं एवढे हेलपाटे घातले की दवाखान्याचा वॉचमन त्याला चहाला विचारायला लागला. शेवटी आजची तारीख मिळाली.

पेन्शन लागली तर राजश्री संध्याकाळची दोन घरं सोडणार होती. कोपरखैरण्यातच लोकांच्या घरी ती पोळ्या लाटायची. हल्ली तिचं मनगट असं सुजायचं की सकाळी बांगडी चढत नव्हती. पेन्शन म्हणजे अंकुशच्या लेखी राजश्रीचं मनगट होतं, दुसरं काही नाही.

पाय गेला तो द्रोणागिरीच्या गोदामात. लाकडी खोकं रचताना वरचं निसटलं, खुब्यावर आलं. हाड जुळलं, पण नस मेली. पावलाचा पंजा वर उचलला जाईना, चालताना चवडा जमिनीवर खरडत यायचा. ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं न् हात जोडले. वर सांगितलं, "बरा झालास की ये, अंकुश." बरं व्हायचं नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

सहाएक महिने अंकुश खोलीबाहेर पडला नाही. पुढं जयंती आली. मिरवणुकीत दरवर्षी निळा झेंडा तो धरायचा. लंगडत कसा धरणार? त्यानं सायकलची जुनी ट्यूब कापली, एक टोक बुटाच्या नाडीत अडकवलं, दुसरं गुडघ्याखाली पट्ट्याला बांधलं. रबरानं चवडा वर ओढला. वर पॅन्ट सोडली की कुणाला काही दिसायचं नाही. पोटरीला वळ पडायचे, संध्याकाळी पाय काळानिळा व्हायचा, पण अंकुश सरळ चालायचा. त्या दिवशी तो पूर्ण रस्ता चालला न् घरी येऊन तापानं फणफणला.

तशीच ट्यूब बांधून तो पहिल्या तपासणीला गेला होता. त्यात लबाडी नव्हती की विसर नव्हता. औसा तालुक्यातल्या त्याच्या गावी त्याचा बाप चावडीसमोर उभा राहायचा तो कमरेत वाकून. तोच बाप पुढं पोरांना सांगायचा, "कचेरीत जाताना धुतलेलं नेसा, पाठ ताठ ठेवा. ते आपल्याला दान देत नाहीत." त्यांच्या अख्ख्या गल्लीत हीच रीत होती. रेशनच्या लाईनीतसुद्धा माणसं शर्ट खोचून उभी राहायची. पाय ओढत डॉक्टरपुढं जायचं असतं, हे अंकुशच्या टाळक्यातच आलं नाही. डॉक्टरनं त्याला दारातून टेबलापर्यंत येताना पाहिलं, पाय दोनदा दाबला न् लिहून टाकलं.

"ट्यूब पिशवीत राहू द्या," राजश्री म्हणाली. "जसा हाय तसा दाखवा पाय. ह्यात कसली आलीय लाज?"

अंकुशनं मान हलवली. शर्ट मात्र इस्त्रीचाच घातला.

दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा बाकड्यावर मोरा बंदराकडचा एक म्हातारा कोळी कुबडी घेऊन बसला होता. त्यानं अंकुशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय रं दादा, हलदीला आलास का? आमी इथं लंगरतांव न् तू कडक इस्त्रीत!"

बाकडं हसलं. अंकुशही हसला. राजश्री हसली नाही.

नाव पुकारलं गेलं. आत तीन डॉक्टर होते. अंकुश चवडा खरडत आत गेला. फरशीवर बुटाचा खर्रखर्र आवाज झाला, त्याच्याच कानाला तो शिवीसारखा लागला. मधल्या डॉक्टरनं जुना कागद काढला.

"मागच्या वेळी चाल जवळपास नॉर्मल लिहिलीय. आता एकदम एवढं? काका, आम्ही रोज हेच बघतो हो."

"साहेब, तवा ट्यूब बांधली होती."

"कसली ट्यूब?"

राजश्रीनं घाईघाईनं पिशवीतनं काढून टेबलावर ठेवली. मळकं काळं रबर. डॉक्टरनं पेनानं ते उचललं, खाली ठेवलं.

"बांधून दाखवा. चला जरा भिंतीपर्यंत."

अंकुशनं ट्यूब बांधली. राजश्रीकडं पाहिलं. ती डोळ्यांनी सांगत होती, हळू, वाकडं, थांबत थांबत. त्यालाही तसंच चालायचं होतं. पण टेबलामागं तीन साहेब बसलेले, आपल्याकडं बघणारे, न् अंकुशची पाठ आपोआप ताठ झाली. पाय पडत गेले. भिंतीला वळून तो परत आला, झेंडा धरल्यासारखा.

"अरे वा!" मधला डॉक्टर मनापासून म्हणाला. "हुशार आहात. मग अडतं कुठं?"

"साहेब, नस मेलीय त्यांची," राजश्री म्हणाली. "घरी येऊन बघा, पोटरी कशी काळीनिळी होते ती."

"ताई, दोष आहेच, नाही कोण म्हणतंय? छत्तीस आहेच की."

कडेच्या तरुण डॉक्टरीणबाईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तोवर शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

बाहेरच्या खिडकीवर कारकुनानं शिक्का मारला. "फायनल झालं. आता इथं काही नाही."

"मग कुठं हाय?" अंकुशनं विचारलं.

"हायकोर्टात जा." कारकुनानं हे असं सांगितलं, जसा कुणी शेजारच्या खिडकीवर जायला सांगतो.

दोघं बस स्टॉपवर आली. तिथं राजश्री म्हणाली, "दोन पावलं वाकडी टाकली असती तर काय झालं असतं तुमचं?"

"टाकायची होती."

"मग?"

अंकुश खाली वाकला, पॅन्ट वर सारून पट्टा सैल करू लागला. गाठ आवळून बसली होती, निघेना. राजश्रीनं एका हातानं ती सोडवायला घेतली. दुसऱ्या हातात फोन होता.

"हॅलो, ताई? मी राजश्री. दुसरी बाई बघू नका. नाही, नाही सोडत मी. आज? येते ना. साडेसहाला येते."