तोंड फिरवून बसलेली उंदरीण

पिल्लं उघड्यावर पडली होती आणि त्यांची आई पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. वानखेडे सरांनी वाकून पाहिलं.

"मॅडम, हिले काढा अभ्यासातून. हे पिल्लं काही वाचत नाही."

सर आमचे अ‍ॅनाटॉमीचे हेड आणि माझे गाइड. मी लेक्चरर, आणि माझा प्रबंध ग्लियावर. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, सांभाळणाऱ्या पेशी म्हणजे ग्लिया. सत्तरच्या दशकात त्यांना फारसा भाव नव्हता. सर तर त्यांना डिंकच म्हणत. उंदरीण आई झाली की तिच्या मेंदूतला हा डिंक बदलतो का, हे मला पाहायचं होतं.

"सर, हिला थोडे दिवस द्या."

"काहून?"

कारण सांगितलं नाही. धरमपेठेत घरी माझा मुलगा नुकता बसायला लागला होता. तो झाल्यावर कितीतरी दिवस मला नुसतं रडू यायचं. त्याला जवळ घ्यावंसंच वाटत नसे. सासूबाईंनी काही न बोलता त्याचं न्हाऊमाखू केलं आणि रोज थोडा वेळ त्याला माझ्या शेजारी आणून निजवलं. हळूहळू मी माणसात आले.

इथंही तेच केलं. शेजारच्या पिंजऱ्यातल्या लेकुरवाळीनं ही पिल्लं बिनतक्रार पाजली. त्यांची पोटं भरली की मी ती थोडा वेळ आईपुढे ठेवायची. आधी उंदरीण पळाली. मग हुंगून मागे सरायला लागली.

एका दुपारी सरांनीच हाक मारली. "मॅडम, या इकडे. नेऊन राहिली पाहा."

तिनं एक पिल्लू तोंडात अलगद धरून कापसात नेलं. मग दुसरं. शेवटचं जाईपर्यंत सर खुर्ची ओढून बसून राहिले.

"आता हिची स्लाइड?" मी विचारलं. स्लाइडसाठी मेंदूचा काप लागे, म्हणजे उंदीर मारावाच लागे.

"राहू द्या हिले."

बाकीच्या लेकुरवाळ्यांच्या स्लाइडमध्ये काही जागी ग्लिया आखडल्यासारख्या दिसल्या. त्या बदलल्या म्हणून माया आली, की मायेमुळे त्या बदलल्या, हे आमच्या मायक्रोस्कोपला कळणारं नव्हतं. मी तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "एक उंदीर कमी का?"

सर शांतपणे म्हणाले, "ती बाळंतपणाच्या रजेवर आहे."

प्रबंध मंजूर झाला. पुढे ग्लियाचा मूडशी आणि आईपणाशी काय संबंध, यावर बरंच काम झालं आणि सरांनी डिंक म्हणणं सोडलं. मी शिकले ते एवढंच: बाळंतिणीबद्दल घाईनं मत देऊ नये, मग ती उंदरीण का असेना.