अर्जातलं एकच नाव

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्यानंतर त्या पहिलं धड वाक्य बोलल्या ते हेच: "हिला आधी कुणीतरी शांत करा."

पालिकेनं म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी व्यायामाचं केंद्र उघडलं होतं. कुठली पालिका ते सांगत नाही. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यानं हवी ती समजावी. घरून न्यायला गाडी येणार, तज्ज्ञ व्यायाम करून घेणार, असं फलकावर लिहिलेलं. गाडी दोन महिने आली आणि बंद पडली. तज्ज्ञ आम्ही कधी पाहिलाच नाही. होती ती एक मदतनीस, कंत्राटावरची, वांगणीहून येणारी. आम्ही रिक्षानं पोचलो की ती सासूबाईंच्या कमरेला ओढणी बांधायची, मागून घट्ट धरायची आणि म्हणायची, "चला आजी, मोरीपर्यंत एकटं जायचंय ना?" सासूबाईंना तेवढंच हवं होतं. सुनेनं धरून मोरीत बसवावं याची त्यांना फार लाज वाटे. त्या सहा पावलं टाकायला लागल्या होत्या.

एक दिवस रिक्षातून उतरताना त्या पडल्या. थोडक्यात वाचल्या, पण माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी दोन पानी तक्रार लिहिली: गाडी नाही, तज्ज्ञ नाही, विचारायला गेलं तर कुणी जागेवर नाही. आपल्याकडे अर्जात नुसती तक्रार करत नाहीत, कुणाचं तरी भलंही लिहितात, म्हणजे साहेब चिडत नाहीत. म्हणून शेवटी लिहिलं, की मदतनीस बाई मात्र मनापासून काम करतात, त्यांना विचारून खात्री करून घ्यावी. तिचं पूर्ण नाव लिहिलं. माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला आणि मोठी लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

महिन्याभरानं उत्तर आलं. 'अर्जात नमूद कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले असून आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

दोन पानांत नाव एकच होतं.

मी तशीच पालिकेत गेले. लिपिक म्हणाला, "मॅडम, कंप्लेंट तुम्हीच केली ना? अ‍ॅक्शन घेतली. अजून काय पायजे?" मी ओरडले, टेबलावर हात आपटला. त्यानं फक्त पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. तिला परत घ्या म्हणून दुसरा अर्ज दिला, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

केंद्राला आता कुलूप आहे. मी घरी ओढणी बांधून पाहिली, पण मला तिच्यासारखं घट्ट धरता येत नाही आणि सासूबाईंना ते कळतं. त्या उभ्याच राहत नाहीत. मला बोलही लावत नाहीत, याचाच जास्त त्रास होतो.

शेवटी वांगणीला तिच्या घरी गेले. पाय धरायची तयारी करून गेले होते. ती ओटीवर वाल सोलत बसली होती. मला बघून उठली, बसायला पाट दिला.

"कुणीतरी माझी कंप्लेंट केली म्हणं, ताई. जाऊ द्या. आजी जातात ना आता मोरीपर्यंत? एकट्या?"

तिला खरं सांगायलाच मी आले होते.

"जातात," मी म्हणाले.